थॉर्नवेलला पाठवायचं उत्तर

८ जुलै १९९६, सोमवार

आजपासून मला टेबल मिळालं. एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातलाय, पण टेबल माझं. आमच्या घरात आजवर कुणी टेबलामागं बसलेलं नाही. आबा वीस वर्षं लूमच्या खात्यात मागापाशी उभे आहेत, माय घरी साड्यांना टिकल्या लावते. मी बी.ए. झाले तेव्हा मायनं गल्लीत गूळ-खोबरं वाटलं होतं. आज टेबलासाठी पुन्हा वाटलं.

काम असं आहे. इंग्लंडमधल्या थॉर्नवेल नावाच्या गावाशी आपल्या सुरतेचं भगिनी-शहराचं नातं आहे. तेही कापडाचं गाव, आता तिथल्या गिरण्या बंद पडल्यात. पत्रव्यवहार आजवर भाईदासकाका पाहायचे. ते ऑक्टोबरात निवृत्त होणार, म्हणून मला त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर घेतलंय.

फाइल वाचली आणि मान खाली गेली. एका शहरानं दुसऱ्या शहराला लिहिलेली पत्रं, आणि ती अशी: ‘पाऊस फार आहे. तापी भरली. तुमच्याकडे?’ ‘उत्तरायण झालं. सोबत एक पतंग आहे, वाटेत फाटला तर माफ करा.’ चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरातलं तर कहर: ‘इथे प्लेग आहे. लोक शहर सोडून चाललेत. मी गेलो नाही. कचेरी उघडी आहे.’ आपली अशी दैना कुणी परक्याला सांगतं का? खाली नुसतं ‘भाईदास’. ना ठराव, ना साहेबांची सही.

आणि थॉर्नवेलच्या कौन्सिलमधल्या मिसेस हॅलम प्रत्येक चिठ्ठीला दोन-दोन पानं उत्तर देतात. प्लेगच्या चिठ्ठीला पाच पानं. त्यातच त्यांनी पहिल्यांदा नर्सच्या प्रशिक्षणाचा विषय काढला होता.

हे सगळं मी नीट करीन.

१९ जुलै

प्रज्ञाची निवड झाली! माझ्यासमोरच यादी आली. आमच्या गल्लीतल्या रंभाबाईंची प्रज्ञा. दोघी एका बाकावर शिकलो, आता ती दवाखान्यात नर्स आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तीन महिने थॉर्नवेलला जाऊन भाजलेल्या रोग्यांची शुश्रूषा शिकायची. परत आल्यावर तिच्या हाताखाली आठ खाटांचा वेगळा वॉर्ड होणार.

तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “सुंदराताईला वेगळं ठेवायला खाट असती तर ती वाचली असती, योगिता.” तिची मोठी बहीण स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती. जखमा चिघळून अकराव्या दिवशी गेली. प्रज्ञा तेव्हा नववीत होती.

मी तिला शब्द दिला, “कागदपत्रांचं माझ्यावर सोड. तू फक्त स्वेटर घे.”

२२ ऑगस्ट

थॉर्नवेलहून पेटी आली. आत चौकटीत बसवलेला कापडाचा तुकडा, राखाडी, लोकरीचा. तिथली शेवटची गिरणी बंद झाली त्या दिवशी मागावरून उतरलेलं शेवटचं वारभर कापड. मागच्या बाजूला त्या गिरणीत काम केलेल्या अकरा म्हाताऱ्यांच्या सह्या. मिसेस हॅलम लिहितात, ‘हे तुमच्याकडे असावं असं सगळ्यांना वाटलं. मिळालं की कळवा.’

साहेबांनी पाहिलं, भिंतीवर लावा म्हणाले.

काका म्हणाले, “पहोंच लखी नाखो, बेन. मळ्युं, आभार. बे लाइन.”

“एवढ्या मोठ्या भेटीला दोन ओळी, काका?”

“तो त्रण लखो.”

मग तीन लिहा म्हणे! त्यांना सगळ्याची थट्टा सुचते. त्यांनी अकरा जणांचं शेवटचं कापड पाठवलं आणि आपण कोरा कागद पाठवायचा? घरी मायला सांगितलं. ती लगेच म्हणाली, “रिकामं भांडं परत धाडू नही, बाई. त्यामा काही तरी घालीसनच देवानं.” तिच्याकडेही रंभाबाईंची स्टीलची वाटी आठवडाभर पडून आहे. पाटोड्यांची भाजी आली होती. दिवाळीच्या सांजोऱ्या भरून द्यायची म्हणते.

मी ठरवलं. सुरतेची जर साऱ्या जगात जाते. दोन्ही गावांची चिन्हं जरीत भरलेला पट करून घ्यायचा आणि उत्तर त्याच्यासोबत पाठवायचं.

११ सप्टेंबर

प्रस्ताव तीन टेबलांवरून फिरून आला. नक्षीत पतंगही हवा, असा शेरा आहे. पुन्हा नक्षी.

३ ऑक्टोबर

पर्वत पाटियाच्या वस्तीत अनुसयाबाईंकडे जाऊन आले. जुन्या भरतकाम करणाऱ्या. लाकडी चौकटीवर लाल मखमल ताणलेली, वर नुसती बाह्यरेषा. “घाई करशील तर काम गचाळ दिसेल,” म्हणाल्या. मलाही घाई नको आहे.

मिसेस हॅलमचं पत्र आलं. पेटी पोचली का विचारतात. ‘मिस्टर भाईदास यांचं कार्ड बऱ्याच दिवसांत नाही. ते बरे आहेत ना?’ किती आपुलकी. आता तर पट अधिकच चांगला व्हायला हवा.

२१ ऑक्टोबर

आज घरी वाईट झालं. रंभाबाई दारात आल्या, आत आल्या नाहीत. माय म्हणाली, “या ना वं, बसा.”

“बसाले नाही आली. वाटी घ्याले आली.”

“देस ना. सांजोऱ्या करसू तवय भरीसन देवाव्हतू.”

“सांजोऱ्या!” रंभाबाईंचा आवाज चढला. “दोन महिने झाले, बाई. तू नळावर तोंड फिरवते, दारासमोरून जाते तं थांबत नाही. मले वाटलं, आमच्या हातचं चाललं नाही तुले. फेकून देलं असंन. सांगते काय अन् कोणाले!”

माय रडायला लागली. वाटीत काही घालायला नव्हतं म्हणून ती नळावर त्यांची नजर चुकवत होती. शेवटी दोघी रडल्या, चहा झाला, वाटी तशीच गेली. पण रंभाबाईंनी चहा अर्धा ठेवला.

माणसं किती पटकन गैरसमज करून घेतात. माय तर त्यांच्याच मानासाठी थांबली होती. शिकलेल्या माणसांचं असं होत नाही. मिसेस हॅलम बघा, उत्तराला उशीर झाला तरी एक कडू शब्द नाही.

३१ ऑक्टोबर

काकांचा निरोप समारंभ. जाताना त्यांनी ड्रॉवरमधून न वापरलेली दिवाळीची कार्डं काढून माझ्या टेबलावर ठेवली. “डोरीनबेनने मोकली देजो. राह जोती हशे.” म्हणजे वाट पाहत असतील. मिसेस हॅलमना, एका परदेशी अधिकारी बाईला, ते नावानं डोरीनबेन म्हणतात! कार्डांवर लक्ष्मी, कमळ, चमकी. पाठवण्यासारखी नव्हती.

९ डिसेंबर

मखमलीवरची जर दमट हवेनं काळवंडली. अनुसयाबाई म्हणतात सगळी उसवावी लागेल. मी तिथंच बसून रडले. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बाई, कुनाचं लगीन अडलंय का?”

प्रज्ञाचा पासपोर्ट आला. ती रोज विचारते, तिकडून पत्र आलं का, माझं नाव पक्कं झालं का. मी सांगते, सगळं बरोबर चाललंय.

सुरतेचं नाव आहे. कसंतरी करून चालणार नाही.

६ जानेवारी १९९७

मिसेस हॅलमचं पत्र, १८ डिसेंबरला लिहिलेलं. पूर्ण उतरवून ठेवते.

‘आमच्या कौन्सिलची समिती १२ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता सगळ्या भगिनी-शहरांचा फेरविचार करणार आहे. काही सभासद विचारतात की सुरतेशी मैत्री अजून जिवंत आहे का. मी म्हणते, आहे. पण माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. सहा महिन्यांत तुमच्याकडून एक ओळ आली नाही. आम्ही पाठवलेल्या कापडानं कुणाचं मन दुखावलं का? करार संपला तर नर्सची जागाही जाईल. कृपा करून काहीतरी पाठवा. फॅक्सचा नंबर खाली देत आहे.’

दाखवायला काहीतरी हवंय त्यांना! म्हणजे पट बारा तारखेच्या आत पोचलाच पाहिजे. तो समितीच्या टेबलावर उलगडला की कुणाचं तोंड उघडणार नाही. आजच पर्वत पाटियाला जाते.

१४ जानेवारी, उत्तरायण

अख्खं शहर गच्चीवर. मी अनुसयाबाईंच्या खोलीत बसून जरीच्या तारा कापून देतेय. प्रज्ञाचा भाऊ बोलवायला आला होता, गेले नाही. प्रज्ञाला तोंड दाखवायचं ते काम संपल्यावरच.

२० जानेवारी

पट गेला! विमानानं, रजिस्टर. लाल मखमलीवर दोन्ही चिन्हं, मधे तापीची निळी रेघ, वर पतंग. साहेबांची सही असलेलं दोन पानी पत्र आतच ठेवलं. डाकघरातल्या फॉर्मवर ‘वस्तूचं वर्णन’ या रकान्यात मी अभिमानानं लिहिलं: अस्सल सोन्या-चांदीच्या जरीचं भरतकाम.

पाच महिन्यांनी आज नीट जेवले.

७ फेब्रुवारी

पार्सल मुंबईत अडकलंय. डाकघरातल्या बाबूंनी माझाच फॉर्म मला दाखवला. सोनं-चांदी लिहिलंय म्हणजे बाहेर न्यायचा परवाना लागतो. “नुसतं ‘भरतकाम’ लिहिलं असतं तर केव्हाच गेलं असतं,” म्हणाले. आणि पत्र त्याच पार्सलमध्ये आहे.

पाच दिवस उरले. देवा.

१० फेब्रुवारी

मुंबईला तारा केल्या, परवान्याचा अर्ज केला. साहेब म्हणाले, महिना लागेल. मग फॅक्स पाठवायचा ठरलं. तीन पानांचा मसुदा लिहिला: दोन शहरांचा इतिहास, पटाचं वर्णन, दिरंगाईबद्दल खेद. साहेबांनी दोन परिच्छेद बदलायला सांगितले.

प्रज्ञानं वॉर्डातून मोकळं करण्याचा अर्ज दिला, मार्चपासून. विचारत होती, देऊ ना? मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

१२ फेब्रुवारी

कसं लिहू. लिहितेच.

त्यांचे दहा म्हणजे आपले साडेतीन. सकाळी अकराला मसुदा टाइप होऊन तयार. साहेब मीटिंगला गेलेले. दीड वाजला, अडीच झाले. मी मीटिंगच्या दाराबाहेर उभी. शिपाई आत सोडेना. तेवढ्यात काका दिसले, पेन्शनच्या कागदांसाठी आलेले. माझा चेहरा पाहून त्यांनी पानं हातात घेतली, न वाचताच परत दिली.

“सही वगर मोकली दे.”

“सहीशिवाय कसं? शहराच्या वतीनं जातंय, काका.”

“शहर क्यां बोले छे, बेन? आपणे बोलीए छीए.” म्हणजे शहर कुठं बोलतं, बोलतो ते आपण. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, त्यांच्या पेन्शनच्या पाकिटाच्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं: ‘डोरीनबेन, आम्ही आहोत. कापड मिळालं. भिंतीवर आहे. भाईदास.’ आणि म्हणाले, “चाल, मशीन उपर.”

मी त्यांचा हात धरला. “काका, तुम्ही निवृत्त आहात. त्यांच्या समितीपुढे पाकिटाची पाठ वाचून दाखवायची का? सगळं आणखी बिघडेल.” त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि बाकावर जाऊन बसले.

साहेब चार वाजून पन्नास मिनिटांनी बाहेर आले. सही केली. फॅक्स पाच-दहाला गेला. तिसरं पान दोनदा अडकलं.

तिकडे तेव्हा अकराला वीस मिनिटं उलटून गेली होती... नाही, अकरा-चाळीस. मला हिशेबही करता येत नाही आज.

समिती लांबली असेल. समित्या लांबतातच.

१३ फेब्रुवारी

सकाळी मशीनवर उत्तर पडलेलं होतं.

‘तुमचा फॅक्स अकरा-चाळीसला आला. मतदान सव्वाअकराला झालं. सहा विरुद्ध पाच. त्यांनी विचारलं, सुरतेहून काही आहे का, आणि माझ्याकडे वाचायला काही नव्हतं. तुमचं पत्र सुंदर आहे. मी ते अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, ठराव झाला. करार ३१ मार्चला संपेल. नर्सची जागा दुसऱ्या शहराला गेली. मला फार वाईट वाटतं. त्या तरुण नर्सला सांभाळा. तीन पानांत मिस्टर भाईदास यांचं नाव कुठेच नाही. ते हयात आहेत ना?

मीही २७ मार्चला, गुरुवारी, निवृत्त होतेय. तोवर हे मशीन माझ्या टेबलाशेजारीच आहे. नंतर माझं पत्र तुम्हाला येणार नाही. तुम्ही सगळे ठीक आहात एवढं कळवा.’

कागद ब्लाउजमध्ये घातला. दुपारभर संडासात बसून होते.

१७ फेब्रुवारी

प्रज्ञाला सांगायला निघाले होते. तिच्या घरात नवी बॅग उघडी पडलेली. तिचे वडील पोपटकाका रेल्वेतून रजा काढून आले होते, बॅगेवर रंगानं तिचं नाव लिहीत होते. तिबेटी लोकांकडून घेतलेला मरून स्वेटर रंभाबाई मला अंगाला लावून दाखवत होत्या. “विलायतीत एवढा पुरंन का वं?”

मी म्हटलं, पुरेल.

नुसतं ‘नाही झालं’ असं कसं सांगू? आधी दुसरं काहीतरी शोधते. जिथं असं शिक्षण मिळतं अशा दोन ठिकाणी अर्ज लिहिले आहेत. एकाचं जरी ‘हो’ आलं तर दोन्ही बातम्या एकदमच सांगीन. तिला धक्का कमी बसेल.

१ मार्च

प्रज्ञाला वॉर्डातून मोकळं केलं. तिच्या जागी दुसरी आली.

अर्जांना उत्तर नाही. आबा विचारतात, “पोरी, काय व्हयनं? जेवत नही.” मी म्हणते, कामाचा ताण.

१४ मार्च

एका ठिकाणचं उत्तर आलं: जागा नाहीत.

प्रज्ञा आज कचेरीत आली. मी मागच्या जिन्यानं खाली गेले.

२४ मार्च, धुळवड

सुट्टी. दार लावून बसले. बाहेरून कुणीतरी रंगाचं पाणी दारावर फेकलं, ते फटीतून आत आलं. मायनं पुसलं.

२५ मार्च

तिला कळलं. माझ्याकडून नाही. दवाखान्यातल्या कारकुनानं सांगितलं, “तारो तो करार ज कॅन्सल छे, तने खबर नथी?” तशीच आमच्याकडे आली, पांढऱ्या साडीत. माय लूमवर आबांचा डबा द्यायला गेली होती.

“तुला कधी कळलं?”

मी अर्जांबद्दल सांगायला लागले.

“ते नको. कधी कळलं?”

“तेरा तारखेला.”

“या महिन्याच्या?”

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं बोटांवर मोजलं. लहानपणी पाढे म्हणताना मोजायची तसं.

“चाळीस दिवस. योगिता, विलायत गेली तर गेली गं. ते कुणाच्याही नशिबात असतं. पण एक तारखेपर्यंत माझा वॉर्ड माझा होता. तू एक शब्द बोलली असतीस तर मी अर्ज मागं घेतला असता. आता मला शहराबाहेर, सचिन गावच्या दवाखान्यात टाकलंय, लसी टोचायला. काल त्या वॉर्डात एक बाई आली, साठ टक्के भाजलेली. नवीन पोरीला ड्रेसिंग येत नाही, ती रडत होती. मला निरोप पाठवला तर मी सचिनला. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.”

“ती बाई...?”

“मला विचारू नको.”

मी म्हटलं, “प्रज्ञा, मला तुझ्याकडे काहीतरी चांगलं घेऊन यायचं होतं.”

“मी मागितलं होतं का?”

दारापर्यंत जाऊन ती थांबली. मला वाटलं वळेल. चप्पल घालत होती, पट्टा तुटला होता, तो लावायला वेळ लागत होता. मग तशीच फरफटत गेली.

तिचं बरोबर आहे, सगळं. पण मी तिच्यासाठीच धडपडत होते, हे तिला एक दिवस कळेल का?

२६ मार्च, बुधवार

भगिनी-शहराची फाइल आज बंद करून कपाटात ठेवायला सांगितली. मला एक तारखेपासून जन्म-मृत्यूच्या नोंदीत बसायचं आहे. पट मुंबईहून परत आला, आतल्या पत्रासह. साहेब म्हणाले, हाही भिंतीवर लावा.

उद्या गुरुवार. मिसेस हॅलमचा शेवटचा दिवस. त्यांना अजून उत्तर गेलेलं नाही.

दुपारी कागद घेतला. लिहिलं, ‘आम्ही सगळे ठीक आहोत.’ खोटं वाटलं, फाडलं. लिहिलं, ‘मिस्टर भाईदास ठीक आहेत.’ पण त्या हयात आहेत का विचारतात हे मी काकांना अजून सांगितलेलंच नाही, वाईट वाटेल म्हणून. मग नुसतं ‘चूक माझी होती’ लिहिलं. एवढंच पाठवलं तर त्यांना वाटेल, ही कोण बाई? त्यांनी सहा वर्षं जे जपलं त्याच्या शेवटी एक ओळ? फॅक्सच्या चुरगळणाऱ्या कागदावर? तेही फाडलं.

सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. पेटी आली तेव्हा मला काय वाटलं, सह्या कशा वाचल्या, पट कसा काळवंडला, प्रज्ञा कोण. आज रात्री बसते. चार-पाच पानं होतील. सकाळी टाइप करून घेते, एकदा कुणाकडून तरी इंग्रजी तपासून घेते. त्यांची कचेरी आपल्या रात्री साडेदहापर्यंत उघडी असते, म्हणजे उद्याचा अख्खा दिवस हातात आहे.